पुनर्संयोजित इस्ट्रोजेन ग्राही : स्वच्छ पट्टी म्हणजे कार्यक्षम प्रथिन नव्हे

झाशीतल्या आमच्या महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न नेहमी विचारते : "तुम्ही तयार केलेले प्रथिन चांगले आहे, हे कशावरून?" बहुतेक जण जेलचा फोटो पुढे करतात. योग्य जागी एकच ठळक पट्टी. फोटो बरोबर असतो, उत्तर मात्र अर्धे असते. उरलेले अर्धे उत्तर या टिपणात पाहू. उदाहरण आहे मानवी इस्ट्रोजेन ग्राही अल्फा.

१. ग्राही काय करतो?

संप्रेरकाचा रेणू ओळखून थेट जनुकांवर काम करणाऱ्या प्रथिनांना केंद्रकीय ग्राही, म्हणजेच न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात. माणसात असे ४८ ग्राही आहेत. इस्ट्रोजेन ग्राही अल्फा ५९५ अमिनो आम्लांचा असून त्याचे वस्तुमान सुमारे ६६ किलोडाल्टन आहे. त्याचे दोन भाग लक्षात ठेवा :

• डीएनए-बंधक भाग : यात जस्ताचे दोन अणू असतात. प्रत्येकाला चार सिस्टीन धरून ठेवतात.
• संप्रेरक-बंधक भाग : सुमारे २५० अमिनो आम्लांचा. याच्या आतल्या खोबणीत इस्ट्राडायॉल बसते.

२. हे प्रथिन का हवे? लखनौचे उदाहरण

आमच्याच राज्यात, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद यांच्या गटाने सेंटक्रोमान हा रेणू घडवला. १९९१ मध्ये तो 'सहेली' या नावाने बाजारात आला. ही स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी. पुढे सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात तीच 'छाया' या नावाने आली. ३० मिलिग्रॅमची ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घेतात. ती इस्ट्रोजेन ग्राहीला बांधली जाते.

या रेणूवर काम सुरू झाले तेव्हा मानवी ग्राहीचे जनुक कोणाच्याच हाती नव्हते. ग्राहीवर प्रयोग करायचा, तर मादी उंदरांच्या गर्भाशयाचा अर्क काढावा लागे. त्यात ग्राही अगदी थोडा, बाकी हजारो प्रथिने. मानवी ग्राहीचा डीएनए-क्रम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मग हेच प्रथिन दुसऱ्या पेशींकडून बनवून घेता येऊ लागले.

३. कोणता तुकडा, कोणती पेशी?

आधी प्रश्न ठरवा, मग तुकडा निवडा. रेणू खोबणीत बसतो का, एवढेच पाहायचे असेल तर संप्रेरक-बंधक भाग पुरतो आणि तो ई. कोलायमध्ये बनतो. ग्राही डीएनएला कसा धरतो हे पाहायचे असेल तर त्यासाठी लागणारा भागही हवा. पूर्ण लांबीचा ग्राही ई. कोलायमध्ये बऱ्याचदा तुटतो किंवा गोळा होऊन बसतो. म्हणून त्यासाठी बॅक्युलोव्हायरस वापरून कीटकपेशी निवडतात.

४. शुद्धीकरणातल्या तीन चुका

प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतात. ती निकेलच्या स्तंभाला चिकटते आणि इमिडाझोल सोडले की सुटते. इथे पुढील चुका होतात :

• ईडीटीए घालणे. ते स्तंभातले निकेल ओढून घेते आणि डीएनए-बंधक भागातले जस्तही.
• डीटीटी लवकर घालणे. सिस्टीन जपायला ते हवेच, पण स्तंभात ते निकेल खराब करते. प्रथिन बाहेर आल्यावर घाला.
• एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवणे. ग्लिसरॉल घालून छोटे वाटे करा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. झाशीच्या मे महिन्यात वीज जाते तेव्हा फ्रीजर उघडू नका.

यातल्या कोणत्याही चुकीनंतर जेलवरची पट्टी तशीच सुंदर दिसते. जेलमध्ये घालण्यापूर्वी आपण प्रथिन उकळून उलगडतो. त्यामुळे आधी त्याची घडी नीट होती की नाही, हे पट्टी सांगूच शकत नाही.

५. सोडवलेले उदाहरण

समजा, नळीवर १ मिग्रॅ/मिली लिहिले आहे आणि तुकडा ३० किलोडाल्टनचा आहे.

लेबलप्रमाणे : १ ग्रॅम/लिटर ÷ ३०,००० ग्रॅम/मोल ≈ ३३ मायक्रोमोलर.

ट्रिशियम लावलेले इस्ट्राडायॉल भरपूर घालून मोजले, तर बांधले गेले फक्त २० मायक्रोमोलर. प्रत्येक रेणूत खोबणी एकच, म्हणून कार्यक्षम भाग २० ÷ ३३ ≈ ६० टक्के. (शुद्धीकरणात स्थिरतेसाठी इस्ट्राडायॉल वापरले असेल, तर काही खोबणी आधीच भरलेल्या असतात आणि आकडा कमी येतो, हेही तपासा.)

आता प्रयोगात लेबलप्रमाणे १० नॅनोमोलर प्रथिन घेतले, तर कार्यक्षम ६. विघटन स्थिरांक ०.२ नॅनोमोलर धरा. अर्ध्या खोबणी भरायला एकूण इस्ट्राडायॉल लागेल : ६ ÷ २ + ०.२ = ३.२ नॅनोमोलर. आलेखावरचा मध्यबिंदूच स्थिरांक समजलात, तर उत्तर १६ पट चुकले. उपाय असा : ग्राहीचे प्रमाण स्थिरांकापेक्षा बरेच कमी ठेवा किंवा बांधले गेलेले इस्ट्राडायॉल हिशेबातून वजा करा.

६. बांधला गेला, पुढे काय?

इस्ट्राडायॉल खोबणीत बसले की बारावे हेलिक्स झाकणासारखे मिटते आणि सहकारी प्रथिनाला बसायला जागा तयार होते. रॅलॉक्सिफीन बसले तर त्याची लांब शाखा बाहेर डोकावते आणि तेच हेलिक्स सरकून ती जागा अडवते. दोन्ही रेणू घट्ट बांधले जातात, परिणाम मात्र वेगळा. शिवाय सेंटक्रोमानसारखा रेणू गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवतो, पण हाडात सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागतो, कारण पेशीगणिक सहकारी प्रथिने बदलतात. नळीत ती नसतात. म्हणून नळीतल्या आकड्यावरून "हा रेणू इस्ट्रोजेनविरोधी आहे" असे लिहू नका. "हा रेणू ग्राहीला इतक्या घट्टपणे बांधला जातो" एवढेच लिहा.

स्वाध्याय

१. ६६ किलोडाल्टनचा पूर्ण ग्राही १ मिग्रॅ/मिली असेल, तर किती मायक्रोमोलर? (उत्तर : सुमारे १५)
२. वरील उदाहरणात कार्यक्षम भाग ३० टक्के असता, तर मध्यबिंदू कुठे आला असता? (उत्तर : १.७ नॅनोमोलर)
३. ईडीटीए वापरूनही संप्रेरक-बंधक भागाची बंधनक्षमता का टिकू शकते? कारण द्या.