कॉर्क पाहावं तिथल्याच माणसांबरोबर

परदेशवारी म्हटली की लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड ही नावं आपल्या तोंडी असतात. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कॉर्क शहर सहसा कुणाच्या यादीत नसतं. धाकटे दीर नोकरीनिमित्त तिथं असतात म्हणून माझं जाणं झालं. ते दोघं दिवसभर कामावर, तेव्हा जावेनंच सुचवलं, ‘वहिनी, बसमधून फोटो काढत फिरण्यापेक्षा इथल्या माणसांबरोबर पायी हिंडा.’ शहराची माहिती सांगत फिरवणारे वाटाडे तिथं मिळतात. बहुतेक जण चांगले वयस्क, बोलके आणि आपल्या गावावर जीव असलेले. तुम्ही म्हणाल, पुस्तकात माहिती असते की! असते, पण कोणत्या दारापाशी थांबायचं ते पुस्तक सांगत नाही.

आता हेच पाहा. कॉर्कचा मुख्य रस्ता, सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट, चांगला वळणदार आहे. का, तर तो मुळात रस्ता नव्हेच, ली नदीचा एक फाटा होता! अठराव्या शतकाच्या अखेरीस तो झाकून वर रस्ता केला. साउथ मॉल नावाच्या रस्त्यावर जुन्या घरांची दारं उंच पायऱ्यांवर आणि खाली कमानी दिसतात. त्या कमानींत पूर्वी होड्या ठेवत. गावाचं आयरिश नावच मुळी ‘दलदल’ या अर्थाचं. हे सांगणारं कुणी नसतं, तर मी दुकानांच्या काचा बघत पुढे गेले असते.

मग आम्ही मंडईत गेलो. ‘इंग्लिश मार्केट’ म्हणतात तिला, १७८८ पासूनची. वर छप्पर, मध्ये कारंजं, आणि मासळीच्या गाळ्यांवर बर्फावर मांडलेले रावसासारखे मोठाले मासे. २०११ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथं येऊन गेली, तिचे फोटो अजून कौतुकानं दाखवतात. शाकाहारी मैत्रिणींनी मांसाच्या गाळ्यांवरून जरा लगबगीनं जावं, कारण रक्ताची भरलेली आतडी आणि वजडी ही इथली खासियत! पण एक वस्तू मात्र तुम्ही थांबून पाहालच. लोण्यात घोळलेली अंडी. कोंबडीनं घातलेलं अंडं गरम असतानाच हाताला लोणी लावून त्यावरून फिरवायचं. कवचाची बारीक छिद्रं बुजतात, हवा आत जात नाही आणि अंडं पुष्कळ दिवस ताजं राहतं. शीतकपाट नव्हतं तेव्हाची ही युक्ती. तिथं ती अजून विकत मिळतात, आणि वाटाड्याच्या म्हणण्याप्रमाणे चवीलाही निराळी लागतात.

लोण्याचा विषय निघालाच आहे तर जरा थांबूया, कारण कॉर्कचं वैभव लोण्यावर उभं राहिलं आहे. १७७० साली इथं लोण्याचा बाजार सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकात तो जगातला सर्वांत मोठा गणला जाई. खेड्यापाड्यांतून लोण्याची लाकडी पिंपं येत, तपासनीस ती उघडून प्रत ठरवत, आणि खारवलेलं लोणी जहाजांनी पार वेस्ट इंडीजपर्यंत जाई. १९२४ मध्ये बाजार बंद झाला. आता शँडन भागात त्याचं छोटं संग्रहालय आहे. तिथं दलदलीत पुरून ठेवलेलं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं लोणीसुद्धा आहे, बरं का!

पण मला तिथं खिळवून ठेवलं ते ताक घुसळायच्या लाकडी उभ्या भांड्यांनी. आपल्या रवी-डेऱ्याचीच ही भावंडं. शेतकऱ्याच्या घरी घुसळणं बायकांचंच काम, आणि पुष्कळ घरांत जमीनदाराचा खंड त्या लोण्यातून फिटे. घुसळण चालू असताना कुणी दारात आलं, तर त्यानं चार हात मारल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर लोणी येणार नाही, अशी समजूत होती. वाटाड्या हे हसत हसत सांगत होता. माझ्या मनात मात्र आलं, जगातला मोठा बाजार म्हणून नाव झालं ते व्यापाऱ्यांचं. हात दुखले ते कुणाचे?

शेजारीच शँडनचं चर्च आहे, १७२२ सालचं. दोन बाजू तांबड्या दगडाच्या, दोन पांढऱ्या. मनोऱ्याच्या चार घड्याळांना गावकरी ‘चार तोंडांची खोटारडी’ म्हणतात, कारण चारींची वेळ एकमेकींशी जुळत नाही! आत आठ घंटा आहेत आणि त्यांचे दोर ओढून गाणं वाजवायला पाहुण्यांना मुभा आहे. वर १३२ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी खालूनच दोर ओढावेत.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं कोव्हला गेले. गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचते. हे कॉर्कचं बंदर. रंगीत घरं चढावर अशी एकाला एक खेटून उभी की गावकरी म्हणतात, खालचं पडलं तर पत्त्यांच्या बंगल्यासारखी सगळी कोसळतील. १९१२ च्या ११ एप्रिलला ‘टायटॅनिक’ शेवटची थांबली ती इथंच, बंदराच्या तोंडाशी. इथून १२३ उतारू छोट्या बोटींतून तिच्यावर चढले. ज्या धक्क्यावरून ते गेले, त्याची काळी पडलेली लाकडं अजून पाण्यात उभी आहेत.

त्याच किनाऱ्यावर एका मुलीचा पुतळा आहे, सोबत दोन धाकटे भाऊ. ही ॲनी मूर. १८९२ च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कचं एलिस बेट उघडलं तेव्हा तिथून आत गेलेली पहिली स्थलांतरित. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या बंदरातून सुमारे २५ लाख माणसं देश सोडून गेली. त्यांत तरुण, एकट्या मुली फार. अमेरिकेत घरकाम करून त्या घरी पैसे पाठवत. पोर जायची त्याच्या आदल्या रात्री शेजारपाजार जमून जागरण करी, माणूस गेल्यावर करतात तसंच. कारण परत भेट होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. आपल्याकडे लेक सासरी जाते, पण निदान माहेरपणाला येते. त्या आयांनी सकाळी चूल कशी पेटवली असेल?

तिसरी फेरी मात्र मी हट्टानं केली. कॉर्कपासून पश्चिमेला मोटारीनं दोन तासांच्या आसपास, समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर अहाकिस्ता नावाचं लहानसं गाव आहे. १९८५ च्या २३ जूनला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान या किनाऱ्यापुढच्या समुद्रावर बाँबस्फोटानं फुटलं. कॅनडातून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला यायचं होतं ते. ३२९ माणसं गेली. त्यांत ऐंशीहून अधिक लहान मुलं. शाळांना सुट्टी लागली होती, आजी-आजोबांना भेटायला निघाली होती कितीतरी.

माझ्याबरोबर आलेल्या बाई साठीच्या पुढच्या, स्वतःच गाडी चालवत होत्या. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रातून १३१ देह मिळाले, ते कॉर्कच्या इस्पितळात आणले. मग नातेवाईक आले, साड्या नेसलेल्या बायका, भाषा निराळी, देव निराळा. कॉर्कच्या लोकांनी त्यांना सांभाळलं, परिचारिका त्यांच्यासोबत राहिल्या. कुणाला काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून हात धरून बसायचे, एवढंच त्या म्हणाल्या. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे बघत निरोप दिले, त्याला हे शिकवावं लागलं नसेल.

स्मारक साधं आहे. पाण्याच्या काठाशी बाग, मधोमध सूर्यघड्याळ, आणि भिंतीवर सगळ्यांची नावं. एकेका आडनावाखाली चार-चार, पाच-पाच. १९८६ साली, पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ते उघडलं. दरवर्षी २३ जूनला सकाळी, त्याच वेळेला, गावकरी आणि दूरदेशीहून आलेले नातेवाईक तिथं जमतात. आम्ही गेलो तेव्हा कुणीच नव्हतं. बाईंनी न बोलता नावांवर अडकलेली वाळकी पानं हातानं काढली, आणि मीही दुसऱ्या टोकापासून तेच करू लागले.

जाणार असाल तर दोन गोष्टी : आयर्लंडला शेंगेनचा व्हिसा चालत नाही. आणि छत्रीवर विसंबू नका, वाऱ्यानं उलटते. टोपीचा रेनकोट न्या.