विश्लेषण : शिक्षेचा खांब ते श्रद्धेची खूण… क्रुसाचे अर्थ नेमके किती?

बोदवड : दरवर्षी गुड फ्रायडेच्या सकाळी मोबाइलवर ‘हॅप्पी गुड फ्रायडे’चे संदेश फिरू लागतात. पाठवणाऱ्याची भावना चांगली असते, पण तो दिवस आनंदाचा नसतो. येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळून मारण्यात आले, त्याचे स्मरण या शुक्रवारी केले जाते. ख्रिस्ती कुटुंबे उपवास करतात, चर्चमधील उपासनाही शोकाची असते. शुभेच्छा द्यायच्या त्या दोन दिवसांनी येणाऱ्या ईस्टरच्या.

ही गफलत होते, कारण बोदवड, मुक्ताईनगर, मलकापूर या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. बहुतेकांच्या ओळखीचा क्रूस म्हणजे सिनेमातला, गळ्यातल्या साखळीतला किंवा भुसावळच्या चर्चवर दिसणारा. या दोन रेघांच्या चिन्हाला गेल्या दोन हजार वर्षांत अनेक अर्थ मिळाले. त्यातल्या एका अर्थाने तर आपल्या शेजारच्या विदर्भातील एका विद्यार्थिनीला थेट उच्च न्यायालयात जावे लागले.

‘क्रूस’ की ‘वधस्तंभ’?

मराठीत या चिन्हाला एकच शब्द नाही. ‘क्रूस’ हा शब्द कॅथलिक कुटुंबांत अधिक ऐकू येतो. गोव्यात कोकणीत त्याला ‘खुरीस’ म्हणतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलमध्ये मात्र ‘वधस्तंभ’ हा शब्द आहे. वध करण्याचा स्तंभ, इतका सरळ त्याचा अर्थ. इंग्रजीतला ‘क्रॉस’ हा शब्द आज दागिन्यालाही चालतो. ‘वधस्तंभ’ गळ्यात घालतो, असे मराठीत कोणी म्हणणार नाही. क्रुसाचा पहिला अर्थ या शब्दाने जपून ठेवला आहे, आणि पुढचे सगळे अर्थ त्याच पहिल्या अर्थावर उभे आहेत.

रोमन राजवटीत क्रूस म्हणजे काय होता?

ती मृत्युदंडाची पद्धत होती, आणि सर्वांत अपमानास्पद मानली जाणारी. गुलाम, बंडखोर आणि परक्या मुलखातले सामान्य लोक यांना ही शिक्षा होई. रोमन नागरिकांना त्यातून सहसा सूट असे. माणसाला विवस्त्र करून, रहदारीच्या जागी, सर्वांना दिसेल असे टांगले जाई. मृत्यू यायला कधी तास लागत, कधी दिवस. मारण्याइतकाच दहशत बसवणे हाही हेतू असे. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड इसवी सन पूर्व ७१ मध्ये मोडल्यावर सुमारे सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवल्याची नोंद प्राचीन इतिहासकार ॲपियन याने केली आहे.

येशूला शिक्षा सुनावणारा पंतय पिलात हा इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा रोमन सुभेदार होता. क्रुसावर आरोपाची पाटी लावली जाई. येशूच्या पाटीवर ‘यहूद्यांचा राजा’ असे लिहिले होते, असे शुभवर्तमाने सांगतात. म्हणजे रोमच्या दृष्टीने हा राजद्रोहाचा खटला होता. चर्चमधील क्रुसाच्या माथ्यावर दिसणारी ‘आय. एन. आर. आय.’ ही अक्षरे म्हणजे त्याच पाटीवरील लॅटिन मजकुराची आद्याक्षरे.

या शिक्षेचा भौतिक पुरावाही मिळाला आहे. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका प्राचीन थडग्यात टाचेचे हाड सापडले. त्यात लोखंडी खिळा आरपार अडकलेला होता.

मग तो श्रद्धेचे चिन्ह कधी झाला?

लगेच नाही. पहिल्या काही पिढ्यांतील ख्रिस्ती लोकांच्या चित्रांत मासा, नांगर आणि मेंढपाळ दिसतो. क्रुसावरचा येशू जवळपास दिसतच नाही. ज्या शिक्षेची दहशत रोज डोळ्यांसमोर होती, ती भिंतीवर कोण रंगवणार? उलट क्रुसावरील येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक तर चक्क टिंगल आहे. रोममधील एका भिंतीवर, साधारण इसवी सन २०० च्या सुमारास, कोणीतरी गाढवाचे डोके असलेला माणूस क्रुसावर कोरला आणि खाली ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो’ अशा अर्थाचे वाक्य खरडले.

चित्र पालटले ते चौथ्या शतकात. इसवी सन ३१२ मधील मिल्वियन पुलाच्या लढाईनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. पुढे क्रुसाची शिक्षा बंद झाली. ती विस्मरणात गेल्यावरच क्रूस उघडपणे चर्चमध्ये आला. त्याच वेळी तो राजसत्तेच्या झेंड्यावर आणि सैनिकांच्या ढालीवरही गेला. सत्तेने ज्यावर माणसे मारली, तेच चिन्ह सत्तेने मिरवले. धर्मयुद्धांपासून वसाहतवादापर्यंत क्रुसाला चिकटलेला ‘विजेत्यांचे चिन्ह’ हा अर्थ इथून सुरू होतो.

ख्रिस्ती धर्मशास्त्र त्याचा काय अर्थ लावते?

येशू क्रुसावर मेला आणि त्यामुळे माणसाचे तारण झाले, यावर सर्व पंथांचे एकमत आहे. पण ते कसे झाले, याचे एकच अधिकृत उत्तर नाही. मुख्य उत्तरे पाच.

पहिला अर्थ बलिदानाचा. यहूदी परंपरेत वल्हांडण सणाला कोकराचा बळी दिला जाई. येशू हा तसा, जगाच्या पापासाठी वाहिलेला कोकरा, असे मानले गेले.

दुसरा अर्थ खंडणीचा आणि विजयाचा. पाप आणि मृत्यू यांच्या गुलामीतून माणसाला सोडवण्यासाठी येशूने आपला प्राण मोजला आणि मरणावरच मात केली. पहिल्या शतकांतील धर्माचार्यांचा भर यावर होता.

तिसरा अर्थ ऋण फेडण्याचा. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की, पापामुळे देवाच्या मानाला जो उणेपणा आला, तो माणसाला भरून काढता येण्यासारखा नव्हता, म्हणून देवानेच माणूस होऊन तो भरून काढला. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारकांनी याला न्यायालयाची भाषा दिली. शिक्षा आमची होती, ती त्याने भोगली.

चौथा अर्थ प्रेमाचा. अँसेल्मनंतर आलेल्या पीटर अबेलार्डने भर दिला तो क्रूस पाहून माणसाच्या मनात होणाऱ्या पालटावर. देवाचे प्रेम किती टोकाला जाते हे पाहून माणूस बदलतो.

पाचवा अर्थ सोबतीचा. दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव घेतलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन यांनी १९७२ मधील ‘द क्रुसिफाइड गॉड’ या ग्रंथात म्हटले की, देव दुःखापासून दूर बसलेला नाही, तो दुःख भोगणाऱ्यांसोबत स्वतः भोगतो.

हे अर्थ एकमेकांना खोडत नाहीत. एकाच चर्चमध्ये, एकाच गुड फ्रायडेला, एका प्रवचनात यातले तीन-चार अर्थ ऐकायला मिळतात. याशिवाय रोजच्या जगण्यातला एक अर्थ आहेच. आपला क्रूस उचलून मागे या, असे येशूने शिष्यांना सांगितले. त्यावरून आजारपण, गरिबी, छळ असे वाट्याला आलेले दुःख निष्ठेने वाहणे, यालाही ‘आपला क्रूस वाहणे’ म्हणतात.

एका क्रुसावर मूर्ती असते, दुसरा रिकामा. असे का?

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळच्या क्रुसावर येशूची आकृती असते. तिथे भर त्याच्या वेदनेवर आणि अर्पणावर आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये क्रूस बहुधा रिकामा असतो. येशू आता क्रुसावर नाही, तो पुन्हा उठला, असे त्यातून सांगायचे असते. गुड फ्रायडेची रीतही त्यामुळे वेगळी. कॅथलिक भाविक ‘क्रुसाची वाट’ या भक्तीत चौदा टप्प्यांवर थांबून प्रार्थना करतात आणि क्रुसाला वंदन करतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचने होतात.

छातीवर हाताने केली जाणारी क्रुसाची खूणही सर्वांची सारखी नसते. कॅथलिक कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रम ठेवतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आधी उजव्या खांद्याला स्पर्श करतात. बहुतेक प्रोटेस्टंट ही खूण करत नाहीत.

दवाखान्याच्या पाटीवरील लाल चिन्हाचा मात्र उपासनेशी संबंध नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारात युद्धातील जखमींची सेवा करणाऱ्यांसाठी ते ठरले. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून ते घेतले, असे मानले जाते. भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय ते वापरता येत नाही.

आपल्या भागात क्रूस कसा पोहोचला?

मराठी मुलखात क्रूस एका वाटेने आला नाही. गोवा आणि वसईत तो पोर्तुगीज सत्तेबरोबर आला. तरी तिथेही त्याने स्थानिक रूप घेतले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने येशूची कथा मराठी ओवीत रचली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. गोव्यात घरासमोर चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस पाहिला, तर तुळशी वृंदावनाची आठवण येते. मुंबईत गिरगाव, माझगाव, वांद्रे भागांतील गल्ल्यांत १८९६ च्या प्लेगच्या काळात रहिवाशांनी क्रूस उभारले. त्यांचा अर्थ होता रक्षण. रोगाने आमच्या वस्तीत शिरू नये, एवढीच मागणी.

खानदेशात क्रूस आला तो मिशन आणि रेल्वेबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड आणि खानदेशात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी संस्थेने काम सुरू केले. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन होते. भुसावळमध्ये रेल्वेच्या नोकरीने अँग्लो-इंडियन आणि इतर प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबे आणली. कॅथलिक व्यवस्थेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. त्यामुळे भुसावळमध्ये आकृती असलेला आणि रिकामा, असे दोन्ही क्रूस पाहायला मिळतात.

दलित धर्मशास्त्राचा अर्थ वेगळा कसा?

गावकुसाबाहेरच्या माणसाला क्रुसात काय दिसले, हा प्रश्न अरविंद निर्मल या मराठी धर्मशास्त्रज्ञाने ऐरणीवर आणला. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानापासून भारतीय दलित धर्मशास्त्राची सुरुवात मानली जाते. निर्मल यांचे म्हणणे थोडक्यात असे. ‘दलित’ म्हणजे मोडलेला, चिरडलेला. क्रुसावरचा येशू नेमका तसाच आहे. वेशीबाहेर नेलेला, सर्वांदेखत अपमानित केलेला. म्हणून तो वरून दया करणारा देव नाही, तो आमच्यातला आहे. इथे क्रुसाचा अर्थ पुन्हा ‘वधस्तंभ’ या शब्दापाशी येतो.

पण चर्चच्या आतही जात संपली नाही, ही या धर्मशास्त्राची दुसरी बाजू. क्रूस घेतला तरी स्मशानात वेगळी जागा आणि लग्नात वेगळी पंगत देशाच्या अनेक भागांत राहिली.

घरात क्रूस दिसला, तर ते धर्मांतर ठरते का?

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. राज्यघटनेखालील १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांना मिळतो. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास दर्जा जातो. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे नंदुरबारमधील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबाला आणि जळगावमधील पूर्वाश्रमीच्या दलित ख्रिस्ती कुटुंबाला लागू होणारा नियम वेगळा आहे.

अशा वेळी भिंतीवरची वस्तू पुरावा होते. तामिळनाडूत एका महिला डॉक्टरच्या दवाखान्यात क्रूस दिसल्यावर तिचे जात प्रमाणपत्र रद्द झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्दबातल ठरवली. विदर्भातील एका विद्यार्थिनीच्या घरात येशूचे चित्र आढळले आणि तिचा जातीचा दावा नाकारला गेला. कुटुंब बौद्ध आहे, चित्र कोणीतरी भेट दिले होते, असे तिचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले की, घरात येशूचे चित्र आहे एवढ्यावरून धर्मांतर सिद्ध होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पुद्दुचेरीतील एका प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण असलेल्या महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारणे योग्य ठरवले. म्हणजे न्यायालये वस्तूपेक्षा आचरण पाहतात. धर्मांतरित दलितांना दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

क्रूस फक्त ख्रिस्ती लोकांचाच का?

बोदवडवरून जाणारा लोहमार्ग पुढे वर्ध्याला पोहोचतो. तिथल्या सेवाग्राममध्ये महात्मा गांधींच्या कुटीत भिंतीवर एकच चित्र होते, आणि ते येशूचे होते. १९४२ मध्ये तिथे राहिलेले अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांनी ही नोंद केली आहे. त्याआधी १९३१ मध्ये रोममधील सिस्टिन चॅपेलमध्ये क्रुसावरच्या येशूची मूर्ती पाहून गांधी हेलावून गेले होते. राष्ट्रेही माणसांसारखीच क्रुसाच्या वेदनेतून घडतात, असे त्यांना तिथे जाणवले. ते हिंदूच राहिले.

क्रूस कुणासाठी पापाची क्षमा आहे, कुणासाठी मरणावरचा विजय, कुणासाठी रोगापासूनचे रक्षण आणि कुणासाठी अपमानित माणसाशेजारी उभा राहिलेला देव. पडताळणीच्या अहवालात त्याची नोंद होते ती ‘घरात आढळलेली वस्तू’ अशी. क्रुसाच्या सर्व अर्थांत हा सर्वांत तोकडा आहे, आणि एखाद्याचे शिक्षण किंवा नोकरी अडू शकते ती नेमकी याच अर्थावर.