छत्रीची वायर, पाऊस आणि विजेचा झटका

डीटीएचच्या बॉक्समधले कार्ड नेमके काय करते? उपग्रहावरून येणारे चित्र कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. ती किल्ली उलगडून देणे, एवढेच कार्डाचे काम. युरोपातल्या हौशी मंडळींनी त्यातून ‘कार्ड शेअरिंग’ काढले. पैसे भरलेले कार्ड एकाच्या घरी, किल्ली मात्र इंटरनेटवरून अनेकांकडे. डोके अफाट, काम चोरीचे. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर असे कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत या हौसेचे रूप साधे असते. एक छत्री, एक बॉक्स आणि टिनांवरून शेजारच्या दोन-तीन घरांत ओढलेली वायर. खरे तर दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसेच लागत नाहीत. आग्नेयेला तोंड करून छत्री सुमारे ६० अंश वर धरली, की ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह सापडतो.

छत्रीने कॅन्सर होतो का, असे लोक विचारतात. होत नाही, छत्री लहरी फक्त घेते, सोडत नाही. धोका वायरीचा आहे. तिच्या आतली धातूची जाळी सगळी घरे एकमेकांना जोडते. एका घरी टिनाला उघडी वायर टेकली, तर छत्रीमार्फत करंट शेजारच्या टीव्हीपर्यंत पोहोचू शकतो. छत्रीला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या पुष्कळदा ॲडाप्टरमधून झिरपणाऱ्या करंटच्या असतात. त्याने सहसा जीव जात नाही, पण ओल्या टिनावर दचकून पाय घसरायला तेवढे पुरते. मग कंबर मोडते, नाहीतर मणका.

त्यात पावसाळा. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे जोराच्या पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि चित्र गोठते. सर ओसरली की ते आपोआप परत येते. पण नेमके तेव्हाच, विजा कडाडत असताना, घरातले पोरगे छत्री हलवायला वर चढते.

घरात कोणाला करंट लागला, तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. शेणात किंवा मातीत पुरण्यात वेळ घालवू नये. आकाशातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो.