स्टँपपेपरवरची फारकत आणि हक्काची पोटगी

अकोला जिल्ह्याच्या बार्शीटाकळी तालुक्यात, गाव पिंजर असो की महान, नवराबायकोचं फाटलं की पहिली बैठक घरातच बसते. दोन्हीकडचे जाणते येतात, चार गोष्टी होतात आणि पुष्कळदा शेवटी स्टँपपेपर निघतो. ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही.’ खाली सह्या, अंगठा, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. मग मुलगी माहेरी येते आणि पोटगीचा विषय निघाला की समोरून ऐकू येतं, “सोडचिठ्ठी झाली ना बापा, आता कायची पोटगी?”

या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा. तो हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे घटस्फोट फक्त न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे तो पुरावा नव्हे. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, तिथे त्यांची रूढीच पाहिली जाते. अशा कागदाच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न लावलं तर पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा उभा राहतो आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसरीचं लग्न बेकायदा ठरतं ते वेगळंच.

खरी भीती दुसरीकडे आहे. पोटगीच्या कलमात एक अट आहे: नवराबायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही. ‘राजीखुशीने’ हा शब्द नवऱ्याचा वकील नेमका तिथेच वापरतो. पोटगीचा हक्क सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने बाईला बांधत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण ते कोर्टात मांडेपर्यंत तारखा वाढतात आणि तोवर घर चालवायचं कशावर? म्हणून घटस्फोट न देणारा आणि पोटगी अडवणारा हा कागद करूच नये. झाला असेल तर घाबरू नये. तो वकिलाला दाखवावा, लपवू नये.

घटस्फोटाआधी पोटगीचा अर्ज करावा. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. आधीचं कलम 125 ते हेच. बाई जिथे राहते तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो करता येतो. म्हणजे माहेर या तालुक्यात असेल आणि नवरा पुण्याला कंपनीत असला, तरी अर्ज इथेच.

“वकिलाले पैसे कुठून द्याचे?” हा प्रश्न प्रत्येक माय विचारते. 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रात बायकांना 1994 पासून कोर्ट फीही माफ आहे.

लग्नाची नोंदणी नसेल तरी पोटगीच्या अर्जापुरता लग्नाचा पुरावा फार काटेकोर मागितला जात नाही. लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड चालतं. त्याहून मोलाचा पुरावा नवऱ्याच्या कमाईचा. ‘माझ्याकडे काहीच नाही, मी मजूर आहे’ असं कोर्टात सर्रास सांगितलं जातं. त्याला उत्तर म्हणून त्याच्या नावचा सातबारा आणि आठ-अ काढावा. ते कोणालाही मिळतात. कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या हाती असतील तर उत्तमच. फेरफारही पाहावा, कारण भांडण सुरू झालं की जमीन भावाच्या नावे बक्षीस देण्याचे प्रकार होतात. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही ठरवलं. म्हणून अर्ज जितका लवकर तितकं बरं. अंतरिम पोटगीचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत व्हावा असं संहिताच म्हणते.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकल्यामुळे हक्काचे पैसे बुडतात. थकवलेल्या दर महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही.

मुस्लिम बहिणींनाही पोटगीचं हे कलम 144 खुलं आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला त्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी पुन्हा स्पष्ट केलं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता कर्जाचं. बायकोने जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर नवऱ्याचं कर्ज तिच्या अंगावर येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर वारसा मिळाला तर त्या मालमत्तेपुरतंच. शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, बैल आणि धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने दिवाणी कोर्टाच्या जप्तीत घेता येत नाहीत. घर किंवा शेत गहाण ठेवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

‘मी दिवाळं काढतो, मग पोटगी कशी मागतेस’ ही धमकीही पोकळ आहे. 2016 च्या दिवाळखोरी कायद्याचा व्यक्तींसाठीचा भाग सामान्य कर्जदाराला अजून लागू झालेला नाही, त्यामुळे अकोला जिल्ह्यात 1920 चाच प्रांतिक नादारी कायदा चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. कोर्टाने नादार ठरवून शेवटी कर्जातून मोकळं केलं तरी सरकारी देणं, लबाडीने केलेलं देणं आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाची पोटगी यांतून सुटका होत नाही, हे त्या कायद्याच्या कलम 44 मध्येच लिहिलेलं आहे.

तेव्हा बैठकीत कोणी स्टँपपेपर पुढे केला तर सही करण्याआधी 15100 या विधी सेवा क्रमांकावर फोन करा, नाहीतर सातबारा आणि मुलांचे दाखले घेऊन सरळ तालुक्याचं कोर्ट गाठा.