विश्लेषण : एका चित्रपटात चार भुते! भयकथांच्या माळेतले कोणते मणी आजही घाबरवतात?

मुरुड म्हटले की अनेकांना जंजिरा आठवतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले मुरुड वेगळे. हर्णै आणि कर्दे यांच्यामधले, दुर्गादेवीच्या जुन्या देवळाचे आणि महर्षी धोंडो केशव कर्वे जिथे लहानाचे मोठे झाले ते हे गाव. दिवसभर समुद्र आणि रात्री माडांची सळसळ. अशा ठिकाणी जेवणे आटोपल्यावर भुताचा विषय निघाला नाही तरच नवल. आणि कोकणात भुताची गोष्ट एकटी कधी येत नाही. एकाने चकव्याची सांगितली की दुसरा गिऱ्ह्याची काढतो, तिसरा मुंजाची. पडद्यावर नेमकी हीच बैठक मांडणारा चित्रपटप्रकार आहे. त्याचे नाव अँथॉलॉजी भयपट. सुट्टीच्या रात्री मोबाइलवर काय पाहावे, या प्रश्नाला त्यात चांगली उत्तरे सापडतात. (शेवट फोडलेले नाहीत.)

अँथॉलॉजी भयपट म्हणजे काय?

एकाच चित्रपटात तीन ते सात स्वतंत्र गोष्टी. प्रत्येकीची पात्रे वेगळी, कधी दिग्दर्शकही वेगळा. बहुतेक वेळा या गोष्टी एका बाहेरच्या कथेत ओवलेल्या असतात. गाडी बंद पडून जंगलात अडकलेले मित्र, आगगाडीच्या डब्यातले प्रवासी किंवा पावसात एका घरात जमलेले पाहुणे एकेक किस्सा सांगत जातात. ‘वेताळ पंचविशी’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही रचना नवी नाही. विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत हीच तिथली बाहेरची कथा.

छोटी गोष्ट जास्त का घाबरवते?

दोन तासांच्या भयपटाला भुताचे कारण सांगावे लागते. कोण मेले, का मेले, शांत कसे होणार, हा सगळा हिशेब मांडताना भीती पातळ होते. वीस-तीस मिनिटांच्या गोष्टीवर हे ओझे नसते. ती एकच कल्पना पकडते, ताणते आणि नेमक्या जागी सोडून देते.

तोंडी गोष्टीचेही असेच असते. चकवा म्हणजे रात्री ओळखीच्या वाटेवर माणसाला गोलगोल फिरवणारी शक्ती. तो कोण, कुठून आला, हे सांगणारा सांगत नाही. गिऱ्हा पाण्यात असतो, एवढे पुरते. या गोष्टींमागे खरे भय होते ते अंधाराचे आणि अंतराचे. कर्वे वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला सोबत्यांबरोबर चालत गेले होते. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची ती वाट. तिथे पोहोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ज्या काळात माणसे असा प्रवास पायी करत, त्या काळात ‘रात्री अमुक वळणावर थांबू नको’ ही गोष्टही होती आणि सूचनाही.

या प्रकाराचा पाया कोणी घातला?

मूकपटांच्या काळापासून असे प्रयोग झाले. पण आजही मापदंड मानला जातो तो ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओचा १९४५ मधला ‘डेड ऑफ नाइट’. एक वास्तुविशारद खेड्यातल्या घरी येतो आणि तिथल्या अनोळखी माणसांना आपण स्वप्नात वारंवार पाहिले आहे, असे सांगतो. मग प्रत्येक पाहुणा आपला अनुभव सांगतो. चार दिग्दर्शकांनी मिळून हा चित्रपट केला.

त्यातला सर्वांत गाजलेला भाग अल्बर्टो कॅव्हल्कांती यांचा, शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्याचा. मायकेल रेडग्रेव्ह यांनी रंगवलेल्या कलावंताला हळूहळू वाटू लागते की बाहुला आपले ऐकत नाही. बोलणारा कोण आणि बोलवणारा कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. मराठी प्रेक्षकाला इथे ‘झपाटलेला’ (१९९३) आठवेल. महेश कोठारे यांच्या त्या चित्रपटातला तात्या विंचूचा बाहुला घडवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. आपल्याकडे बाहुला हसवतही होता. ‘डेड ऑफ नाइट’मध्ये तो अजिबात हसू देत नाही.

या चित्रपटाचा शेवट जिथून सुरुवात झाली तिथेच येऊन मिळतो. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल सांगत की थॉमस गोल्ड आणि हर्मन बाँडी यांच्यासोबत हा चित्रपट पाहिल्यावर विश्वालाही सुरुवात आणि शेवट नसेल का, ही चर्चा निघाली. त्यातून पुढे स्थिर स्थिती सिद्धांत आकाराला आला. याच हॉईल यांचे विद्यार्थी आणि सहकारी म्हणजे कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर. भुताच्या गोष्टीने इतका लांबचा पल्ला क्वचितच गाठला असेल.

समुद्रकाठी पाहावेत असे भाग कोणते?

पहिला जपानी. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वैदान’मध्ये चार कथा आहेत. १९६५ च्या कान महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पारितोषिक मिळाले. त्यातला ‘कान नसलेला होइची’ हा भाग आवर्जून पाहावा. होइची हा समुद्राजवळच्या मठात राहणारा आंधळा वादक. शेकडो वर्षांपूर्वीच्या आरमारी लढाईची गाथा तो गातो. एका रात्री कोणी सरदार त्याला गाण्यासाठी बोलावून नेतो. श्रोते कोण आहेत, हे होइचीला दिसत नाही, आपल्याला दिसते. इथे दचकवणारे धक्के जवळपास नाहीत. रंगवलेले आकाश, वाद्याचा आवाज आणि शांतता एवढ्यावर भीती उभी राहते. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा आहे. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो घेण्यासाठी झालेली लढाई इतिहासात नोंदलेली आहे. त्या किल्ल्याकडे बघत वाढलेल्याला होइचीचे श्रोते फार परके वाटणार नाहीत.

दुसरा अमेरिकी. स्टीफन किंग यांनी लिहिलेला आणि जॉर्ज रोमेरो यांनी दिग्दर्शित केलेला ‘क्रीपशो’ १९८२ चा. त्यातल्या एका भागात सूडाने पेटलेला नवरा बायकोच्या प्रियकराला किनाऱ्यावरच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरतो आणि भरतीची वाट बघत बसतो. भूत नंतर येते. खरी भीती पाण्याची आहे. भरती कोणाशी भांडत नाही आणि कोणासाठी थांबतही नाही. कोकण किनाऱ्यावर साधारणपणे दिवसाला दोनदा पाणी चढते, हे माहीत असलेल्याला तो प्रसंग अधिक बोचतो.

भारतीय सिनेमात याची सुरुवात कुठे दिसते?

याचे महत्त्वाचे उत्तर सत्यजित राय यांच्याकडे आहे. रवींद्रनाथ टागोर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये आलेल्या ‘तीन कन्या’त तीन कथा आहेत. मधली ‘मणिहारा’ ही भूतकथा. जुना वाडा, दागिन्यांवर जीव असलेली बायको आणि तिला आपलेसे करण्यासाठी दागिने आणत राहणारा नवरा. त्याच्या धंद्यात अडचण येते आणि दागिने मागितले जातील, ही धास्ती तिला घेरते. गंमत म्हणजे परदेशात हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ‘मणिहारा’ वगळून दोनच कथा दाखवल्या गेल्या. त्यामुळे राय यांनी भयकथा केली होती, हेच कित्येकांना उशिरा कळले. या भागात भुताइतकेच भीतिदायक आहे ते नवरा-बायकोमधले न बोललेले अंतर.

हिंदीतले कोणते भाग टिकले?

राम गोपाल वर्मा यांची निर्मिती आणि प्रवाल रमण यांचे दिग्दर्शन असलेला ‘डरना मना है’ २००३ मध्ये आला. सहा गोष्टी, बाहेर जंगलात अडकलेले मित्र. त्यातले दोन भाग आजही लोकांच्या बोलण्यात येतात. एकात सैफ अली खान रात्री एका लॉजवर उतरतो आणि बोमन इराणी यांनी रंगवलेल्या मालकाला सिगारेटचा भयंकर तिटकारा असतो. या गोष्टीत भूत नाही. चांगल्या सवयीचे वेड डोक्यात गेलेला माणूस आहे आणि म्हणूनच ती पटते. दुसऱ्यात विवेक ओबेरॉय गाडी चालवतो आहे, रस्ता निर्मनुष्य आहे आणि शेजारी नाना पाटेकर. लिफ्ट मागणारा अनोळखी माणूस हा घाटातल्या गोष्टींचा सगळ्यात जुना नायक. हा भाग निम्म्याहून अधिक नानांच्या आवाजावर चालतो.

२००६ च्या ‘डरना जरूरी है’मध्ये सात दिग्दर्शक होते. अमिताभ बच्चन आणि रितेश देशमुख यांचा भाग गाजला. साजिद खान यांचा मनोज पाहवा असलेला भाग मात्र भीतीला हसत हसत सामोरा जातो.

१ जानेवारी २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर यांचे चार भाग आहेत. चारही सारखे उतरलेले नाहीत. दिबाकर यांचा भाग सर्वांत वरचा. एक सरकारी माणूस एका लहान गावात पोहोचतो. गाव ओस आहे, दोन मुले लपून आहेत आणि गावच गावाला खाते आहे. माणसे खाणाऱ्यांची ही गोष्ट प्रत्यक्षात कोणाची आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. झोया यांच्या भागात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या भूमिकेत सुरेखा सिक्री आहेत. त्यांच्यासाठी तो पाहावा.

‘तुंबाड’ या यादीत बसतो का?

काटेकोरपणे नाही. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) एका घराण्याची सलग कथा आहे. पण ती तीन प्रकरणांत येते आणि पहिले प्रकरण एखाद्या स्वतंत्र भयकथेसारखेच पूर्ण आहे. पावसात भिजलेला वाडा, साखळीने बांधलेली म्हातारी, तिला वेळेवर भरवायची जबाबदारी आणि घरात एकटा पडलेला मुलगा. चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती नारायण धारप यांच्या कथेतून. नाव आले ते खेड तालुक्यातल्या गावाचे, श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ने मराठी वाचकाच्या मनात बसवलेले. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. थोडक्यात, अलीकडच्या सर्वांत गाजलेल्या भारतीय भयपटाची मुळे मुरुडपासून फार लांब नाहीत. त्याची भाषा मात्र हिंदी आहे.

मराठीत अशी माळ का ओवली गेली नाही?

कच्च्या मालाची कमतरता हे कारण नक्कीच नाही. धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (मृत्यू २०२०) यांनी मिळून मराठीत भयकथा आणि गूढकथांचा मोठा साठा उभा केला. मतकरींची गूढकथा तर अँथॉलॉजीसाठीच लिहिल्यासारखी आहे. साधे मध्यमवर्गीय घर, एखादी क्षुल्लक विचित्र गोष्ट आणि शेवटच्या परिच्छेदात सरकणारी जमीन. त्यांच्या कथांवरची ‘गहिरे पाणी’ ही मालिका दूरचित्रवाणीवर येऊन गेली. चित्रपटगृहात मात्र मराठी भयपट ‘लपाछपी’सारख्या (२०१७) एकसंध कथेच्या वाटेने गेला. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ २०२१ मध्ये ओटीटीवर आला.

व्यवहाराची अडचणही आहे. चार गोष्टी म्हणजे चार वेगळी नेपथ्ये, चार नटसंच, आणि जाहिरातीसाठी एकही ठळक नायक नाही. तिकीट काढणाऱ्याला नेमके कोणासाठी यायचे, हे सांगता येत नाही. मोबाइलवर मात्र हीच उणीव सोय ठरते. वीस मिनिटांचा एक भाग एसटीच्या प्रवासातही संपतो.

दरम्यान, तोंडी गोष्टींचा मूळ झरा आटतो आहे. कोकणातली कित्येक घरे वर्षातला बराच काळ बंद असतात. गणपती आणि शिमग्याला ती उघडतात. गोष्ट सांगणारी पिढी थकली आहे आणि ऐकणारी पिढी मुंबई-पुण्यात आहे. ज्या गोष्टी कुठे लिहिल्या गेल्या नाहीत, त्या सांगणाऱ्याबरोबरच जातात.

भुताची गोष्ट आणि अंधश्रद्धा यांची सीमा कुठे?

हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेवर कोकणची बदनामी होत असल्याचा आक्षेप घेतला गेला होता. प्रत्येक वळणावर भूत दाखवले की गावातली माणसे दिसेनाशी होतात, हा त्यातला मुद्दा रास्त आहे. दुसरीकडे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा भुताची गोष्ट सांगण्यावर बंदी घालत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘तुंबाड’मधली साखळदंडातली म्हातारी पडद्यावर असते तोवर कला आहे. खऱ्या घरात आजारी बाईला कोणी तसे बांधले, तर तिथे देवऋषी नव्हे, डॉक्टर आणि पोलीस लागतात.

या यादीतले चांगले भाग ही सीमा नीट ओळखतात. ‘मणिहारा’त हाव आहे, लॉजच्या गोष्टीत वेड आहे, दिबाकर यांच्या गावात सत्ता आहे.

सुरुवात कुठून करावी?

वेळ कमी असेल तर नाना पाटेकरांचा भाग. घरातले सगळे एकत्र असतील तर ‘मणिहारा’. मुले लहान असतील तर ‘क्रीपशो’ आणि ‘घोस्ट स्टोरीज’ बाजूला ठेवावेत. ‘क्वैदान’ मोबाइलवर पाहण्यात अर्थ नाही. त्याचे रंग मोठ्या पडद्यासाठी आहेत. आणि मुरुडसारख्या गावात मुक्काम असेल तर एक रात्र काहीच न लावता यजमानांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. एकाने सुरुवात केली की पुढची गोष्ट कोण सांगणार, हे विचारावे लागत नाही.