निळा धूर आणि इंजिनाचं काम

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावी कापूस वाहणारा जुना ट्रक निळा धूर ओकू लागला की जाणकार मिस्त्री लगेच ओळखतो : रिंगा झिजल्या, ऑइल जळतंय. आता इंजिन खोलावं लागणार.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्या दाबानेच हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं हे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरलं. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज ट्रकांनी ते आपल्या रस्त्यांवर रुजवलं.

म्हणजे सारी मदार दाबावर. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचे लायनर झिजले की हवा निसटते, पुरेशी तापत नाही, आणि थंडीत सकाळी गाडी सुरूच होत नाही.

इंजिन खोलून दुरुस्त करण्याचं काम घरच्या शेडमध्येही होतं, पण चेन-पुली भक्कम हवी आणि जागा स्वच्छ. इथली बारीक धूळ बेअरिंगची वैरीणच. क्रँक घासायला मात्र शहरातलं वर्कशॉप गाठावं लागतं. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो.

शेवटी हेडचे बोल्ट : मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. अंदाजाने आवळले तर गॅस्केट फुटतं आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.