शशमांस, यकृतावरील ठिपके आणि ‘व्याधित’ मांसाचा निषेध

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात शशमांस कषाय-मधुर, रूक्ष, शीत, लघु व विपाकी कटु असे वर्णिले असून, वाताचे प्राबल्य नसलेल्या सन्निपातात ते प्रशस्त मानले आहे. रक्तपित्ताच्या रुग्णास मलावरोध असता चाकवताबरोबर त्याची योजना सांगितली आहे. हे गुणवर्णन आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच अध्यायात आपोआप मेलेल्या, कृश, विषाने मारलेल्या व हिंस्र श्वापदाने मारलेल्या प्राण्याचे मांस टाकून द्यावे असेही सांगितले आहे. सुश्रुतांनी तर अभक्ष्य मांसांच्या गणनेत ‘व्याधित’ हा शब्द स्पष्टपणे घातला आहे. परंतु प्राणी व्याधित आहे हे ओळखावे कसे? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार शशाच्या यकृताच्या संदर्भात आम्ही करीत आहोत.

प्रारंभीच दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. आपल्या देशात रानातील सशाची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे. त्यामुळे येथे तिचे समर्थन संभवत नाही. तथापि उत्तर अमेरिकेत व युरोपात ठरावीक हंगामात अशी शिकार कायदेशीर असून ते मांस घरोघरी शिजविले जाते. त्या देशांत राहणाऱ्या रुग्णांस सल्ला देणाऱ्या वैद्यांना हा विषय माहीत असणे इष्ट आहे. दुसरे असे की, मराठीत आपण ज्यांना सरसकट ‘ससा’ म्हणतो ते प्राणी एकाच जातीचे नाहीत. आपल्या माळरानावरील ससा, युरोपातील बिळे करून राहणारा ससा आणि अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचा ‘कॉटनटेल’ हे तिन्ही भिन्न आहेत. संहितोक्त गुण एकाचे दुसऱ्यास लावताना हा भेद विसरू नये.

भयावह दिसणारे, पण मनुष्यास न बाधणारे विकार

सशाचे पोट उघडल्यावर यकृत वाढलेले व त्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी पसरलेल्या दिसल्या, की शिकारी घाबरतो. बहुधा हा आयमेरिया स्टिडी या एकपेशीय परोपजीवीचा उपद्रव असतो. तो पित्तवाहिन्यांच्या अंतस्त्वचेत वाढतो, वाहिन्या जाड होतात व त्यांत पूसदृश द्रव साठतो. लेव्हेनहुक यांनी १६७४ मध्ये सशाच्या पित्तात जे अंडाकृती कण पाहिले, ते याच परोपजीवीचे असावेत असे मानले जाते. हा जीव सशापुरताच मर्यादित असून मनुष्यात वाढत नाही.

दुसरा नेहमी आढळणारा प्रकार टिनिया पिसिफॉर्मिस या पट्टकृमीचा. प्रौढ कृमी कुत्रा, कोल्हा इत्यादींच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी गवताबरोबर सशाच्या पोटात गेली की अळ्या यकृतातून मार्ग काढतात आणि मागे पांढरे वण राहतात. पुढे उदरावरणावर वाटाण्याएवढ्या पाणीदार पुटिका लोंबताना दिसतात. यांपासूनही मनुष्यास रोग होत नाही. मात्र ते अवयव कच्चे खाणाऱ्या कुत्र्यास कृमी होतात. अशी आतडी-यकृते कुत्र्यापुढे टाकण्याची सवय म्हणूनच त्याज्य आहे.

अल्प दिसणारे, पण घातक विकार

याउलट फ्रान्सिसेला टुलारेन्सिस या जिवाणूने होणाऱ्या टुलारेमियात यकृतावर व प्लीहेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके असतात; प्लीहा वाढलेली असते. कधी हे ठिपके नजरेत भरतही नाहीत. कॅलिफोर्नियातील टुलारे परगण्यातील खारींमध्ये १९११ साली या रोगाचे प्रथम वर्णन झाले व त्या परगण्यावरूनच जिवाणूस नाव मिळाले. अमेरिकेत १९३९ मध्ये २,२९१ मनुष्यरुग्णांची नोंद झाली होती. त्या काळी सशांची हाताळणी हे एक प्रमुख कारण होते. पुढे ही संख्या पुष्कळच घटली, तरी रोग नाहीसा झालेला नाही.

या रोगात मांस खाण्यापेक्षा कातडे सोलणे अधिक धोक्याचे असते. हातावरील सूक्ष्म ओरखड्यातून अत्यल्प जिवाणू शिरले तरी पुरतात. जपानमध्ये फुकुशिमा येथील वैद्यक ओहारा हाचिरो यांनी १९२५ च्या सुमारास हाच रोग सशांशी जोडून दाखविला. त्यांच्या पत्नीने आजारी सशाचे रक्त आपल्या हातावर चोळून घेण्यास स्वेच्छेने संमती दिली, आणि तिला ज्वर व काखेत ग्रंथिशोथ झाला. न खाताही रोग होतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

तात्पर्य असे की, यकृतावरील विकृती जितकी मोठी तितका धोका मोठा, हे अनुमान येथे चुकते. गाठी पाहून निर्धास्त होऊ नये, आणि ठिपके दिसले नाहीत म्हणूनही निर्धास्त होऊ नये. सुश्रुतोक्त ‘व्याधित’ हा शब्द एका अवयवास नव्हे, तर संपूर्ण प्राण्यास लागू आहे. जो ससा पळत नाही, मंद आहे, सहज हाती लागतो, तो मुळीच उचलू नये. शंका आल्यास दूषित भाग कापून उरलेले मांस ठेवण्याऐवजी संपूर्ण प्राणी त्याज्य मानावा.

प्रतिबंध

अमेरिकेतील जुने शिकारी पहिले कडक हिम पडल्यावरच सशामागे जातात. ऋतुविचाराची सवय असलेल्या आपल्याला हे पटण्यासारखे आहे. थंडीत गोचिडी व चावऱ्या माश्या कमी होतात आणि आजारी प्राणी बव्हंशी मरून गेलेले असतात. परंतु याने धोका कमी होतो, संपत नाही. सोलताना रबरी हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत व मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. गोठविण्याने हा जिवाणू मरत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

वैद्यांचे व औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

त्या देशांतील रुग्ण आकस्मिक ज्वर, बोटावर व्रण आणि त्याच बाजूच्या काखेत वेदनायुक्त ग्रंथी घेऊन आला, तर केवळ व्रण व ग्रंथी म्हणून उपचार सुरू करू नयेत. गेल्या दोन आठवड्यांत ससा हाताळला काय, गोचीड चावली काय, हे प्रथम विचारावे. लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांत दिसतात. पेनिसिलीनवर्गीय औषधे येथे निष्प्रभ ठरतात. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, तर सौम्य प्रकारात डॉक्सिसायक्लीन वा सिप्रोफ्लॉक्सॅसिन वापरतात. म्हणून अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. नमुना पाठविताना प्रयोगशाळेस आपली शंका आधीच कळवावी, कारण संवर्धन करताना तेथील कर्मचाऱ्यांसही संसर्ग होऊ शकतो. प्रतिजैविके नव्हती त्या काळी या रोगाच्या तीव्र प्रकारात शेकडा ५ ते १५ रुग्ण दगावत. आज विलंब हाच मुख्य शत्रू आहे.

औषधीशाळांच्या चालकांसही एक विनंती. रक्तपित्तप्रकरणात शेळीचे कच्चे यकृत पित्तासह देण्याचा उल्लेख आहे. परोपजीवी व जिवाणूंविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान लक्षात घेता, कोणत्याही प्राण्याचे यकृत कच्चे देण्याचा सल्ला पत्रकात वा समक्ष देऊ नये. प्राणिज द्रव्य तपासणी झालेल्या कत्तलखान्यातूनच घ्यावे व ते पूर्ण शिजवूनच वापरावे. व्याधित मांस वर्ज्य करण्याची आज्ञा ग्रंथांचीच आहे. व्याधी ओळखण्याची साधने वाढली असता ती वापरणे म्हणजे त्या आज्ञेचेच पालन होय.